डावीकडचा पिवळा बावटा

सांगली, रविवार, १२ जानेवारी २०२५

शीला,

‘प्रिय’ वगैरे पुढच्या पत्रात बघू. आधी मला उत्तर हवं आहे.

काल दिवस मावळायच्या आत जेवायला बसले होते. सून चंदना मोबाइल पुढे करून म्हणाली, आई, ह्या तुमच्या साताऱ्याच्या मैत्रीणच ना? मी चष्मा लावला आणि घास हातातच राहिला. एक पिवळी, जमिनीला चिकटलेली, तोंड पसरलेल्या बेडकासारखी गाडी. तिच्याजवळ सलवार-कमीज घालून, काखेत हेल्मेट धरून तू. खाली लिहिलेलं, ‘आमची आत्या, वय सदुसष्ट, आज रेस ट्रॅकवर.’ आणि तू हसते आहेस. दात दिसतील असं हसायचं नाही म्हणून सिस्टर बर्नाडेटने पाचगणीत सात वर्षं आपल्याला बजावलं, तेही फुकट गेलं.

तू मला काय सांगितलं होतंस? कोइमतूरला मामेभाऊ वीरधवलकडे जाते, त्याचं सोनं गाळायचं दुकान चांगलं चाललंय, महिनाभर हवापालट करते. हवापालट याला म्हणतात?

नोव्हेंबरात यवतेश्वरच्या घाटात तुझी गाडी कठड्याला घासली. कुत्रं आडवं आलं म्हणालीस. डिसेंबरात धैर्यशील पुण्याहून आला आणि तुझ्याकडून चाव्या काढून घेऊन गेला. तेव्हा तू मला चार पानं लिहिलीस, रडून लिहिली होतीस, शाई फुटली होती. पोटच्या मुलाने असं करावं म्हणून मलाही वाईट वाटलं. आणि महिन्याभरात तू शर्यतीच्या गाडीत?

विमा कंपनीत एकतीस वर्षं मी मोटारींचे दावे तपासले. इस्लामपूर रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली शिरलेल्या गाड्यांचे फोटो मी डबा खाताना पाहिलेत. माझं मन कच्चं नाही. पण कालचा फोटो बघून मला रात्री झोप लागली नाही.

फोन करू नकोस. माझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. कागदावर लिही, आणि खरं लिही.

राजमती

*

कोइमतूर, १९ जानेवारी

प्रिय राजू,

मी ‘प्रिय’ लिहिते, माझं मन मोठं आहे.

फोटो रेश्माने टाकला. वीरधवलची मुलगी. शहराबाहेरच्या ट्रॅकवर लोकांना गाडी शिकवते. जन्म इथला, तमिळ घडाघडा बोलते, पण मराठी ऐकशील तर थेट विट्याच्या बाजारातली. माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, चला आत्या, बघू तरी तुमी चालवताय कशा.

आता तुझा गैरसमज काढते. तिथे बसून एकदम गाडी हाणत नाहीत. पहिल्या दिवशी तिने मला गाडीला हातही लावू दिला नाही. सगळा ट्रॅक पायी फिरवला. प्रत्येक वळण कुठे सुरू होतं, कुठे संपतं, डांबर कुठे गुळगुळीत आहे, घसरलो तर मोकळी जागा कुठे आहे, सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी नुसतं बसायला शिकवलं. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, हात लांब केले की मनगटं स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवीत. चाळीस वर्षं मी दरवाज्यावर कोपर टेकून चालवत आले, ते सगळं चुकीचं निघालं. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, तेही आधी ब्रेक ओळखण्यासाठी. अनोळखी गाडीचा आधी ब्रेक समजून घ्यायचा, वेगाचं नंतर, असं तिचं म्हणणं. सरळ पट्ट्यात चाळिसावर जायचं, ब्रेक दाबायचा. साठावर जायचं, दाबायचा. असं पंचवीस वेळा.

माझ्या दोन खोडींवर सगळे हसले. एक म्हणजे मी डावी कड सोडेना. ट्रॅकवर रस्त्याची सगळी रुंदी वापरायची असते. बाहेरच्या कडेने यायचं, वळणात आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर सुटायचं. मला ते शिष्टाचाराला सोडून वाटलं. दुसरी खोड हॉर्नची. घाटात आपण वळणाआधी हॉर्न देतो, पलीकडून उत्तर येतं का ऐकतो, मगच शिरतो. तसं मी पहिल्या फेरीत बाराही वळणांना हॉर्न दिला. रेश्मा म्हणाली, “आत्या, हारन कुणाला देताय? हितं पुढनं कोण येत न्हाई.”

पण राजू, पाचव्या दिवशी काहीतरी जमलं. सरळ पट्टा, शंभर मीटरची पाटी, तिथे सरळ रेषेत ब्रेक, पाय हळूहळू सैल सोडत वळणात शिरायचं, नजर वळणाच्या पार टोकाला, आणि गाडी आपली आपण जाते. जन्मात मी नव्वदच्या वर गेले नव्हते. एकशे अडतीसपर्यंत गेले. हे असते तर त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला असता. पुढे एकदा रेश्माने शेजारून स्टिअरिंगला हात घातला, ते सोड.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते तुला सांगायला हवं. धैर्यशीलने मला दोन वाटा दिल्यात. गाडी विकायची आणि त्याच्या पुण्याच्या अकराव्या मजल्यावर राहायला जायचं, नाहीतर कुणा जाणत्या माणसाकडून लिहून आणायचं की ही बाई चालवू शकते. तो चेष्टेत म्हणाला असेल, मी धरून बसले. गाडीशिवाय मी यवतेश्वरला राहू शकत नाही हे तुला माहीत आहे. दवाखाना, बाजार, बँक सगळं घाट उतरून. गाडी गेली की घर गेलं.

आणि धैर्यशीलला कुणी सांगितलं तेही मला कळलंय. शेजारचे नाथाजी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आणि गाडीचा पत्रा चेपलेला बघून मुलाला चुगली करतो. निघायच्या आदल्या दिवशी देवळाच्या पायरीवर चारचौघांत त्यांना सांगितलं, यापुढे माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. मान खाली घालून उभे होते. खोटं असतं तर बोलले नसते का?

तुझी,
शीला

*

सांगली, २५ जानेवारी

शीला,

पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा संताप आला, दुसऱ्यांदा तुझा हेवा वाटला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तिसऱ्यांदा मात्र मी ते दाव्याचा अर्ज वाचावा तसं वाचलं.

स्टिअरिंगला हात का घातला? पाच दिवस मुलगी शेजारी शांत बसते, तू एकशे अडतीसवर असताना बसते, आणि मग एकदम हात घालते. तू त्यावर अर्धं वाक्य लिहितेस आणि ‘ते सोड’ म्हणतेस. लोक मला असेच लिहायचे. गाडी नवी होती, रस्ता ओला होता, असं दोन पानं, आणि मधेच ‘मग धडक झाली’.

दुसरं. कुत्रं. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांत जेवढी कुत्री आडवी आली, तेवढी आख्ख्या मिरज तालुक्यात नसतील. माणूस खरं सांगू शकत नाही तेव्हा कुत्रं सांगतो. तुझा उजवा पत्रा चेपला, कठडा उजवीकडचा. म्हणजे तू गाडी उजवीकडे ओढलीस. म्हणजे जे काय होतं ते डावीकडे होतं. काय होतं?

नाथाजींबद्दल एवढंच लिहिते की घाई करू नकोस. माणूस मान खाली घालतो ती प्रत्येक वेळी अपराधानेच असं नाही. चारचौघांत अपमान झाला की चांगली माणसंही तसंच करतात.

राजमती

*

यवतेश्वर, सातारा, २३ फेब्रुवारी

राजू,

महिनाभर तुला लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि उठायचे. तुझ्यासारख्या बाईशेजारी शाळेत एका बाकावर बसायला नको होतं.

कुत्रं नव्हतं. दगडाबाई होती. आमच्या वरच्या वाडीतली, रोज घाटात गवत कापते. डोक्यावर भारा घेऊन डावीकडून चालली होती. मी वळणाला हॉर्न दिला, उत्तर आलं नाही, म्हणून शिरले. तिची किंकाळी ऐकली तेव्हा ती माझ्या आरशाजवळ होती. किंकाळीआधी मला ती दिसलीच नाही, राजू. भर दुपारी, हिरवं लुगडं, डोक्यावर एवढा भारा. मी गाडी उजवीकडे ओढली. कठडा नसता तर मी दरीत असते. ती भारा टाकून खाली बसली होती आणि मलाच विचारत होती, बाई, लागलं न्हाई न्हवं? मी तिला दोनशे रुपये दिले आणि कुणाला सांगू नकोस म्हटलं. हे मी केलं. लिहून टाकलं.

आता ट्रॅक. कडेला ठिकठिकाणी माणसं बावटे घेऊन उभी असतात. पिवळा बावटा हलला की पुढे धोका आहे, वेग कमी करायचा, कुणाला ओलांडायचं नाही. सहाव्या दिवशी एक गाडी वाळूत अडकली होती, बावटा हलत होता, मी ऐंशीच्या वेगात तिथून निघून गेले. रेश्माला वाटलं माझं लक्ष नव्हतं. नंतर सरळ पट्ट्यात एक गाडी माझ्या डावीकडून पुढे जात होती, अर्धी माझ्या बरोबरीला आली होती, आणि मी वळणाची कड पकडायला डावीकडे निघाले. तेव्हा तिने हात घातला. दोन्ही गाड्यांत वीतभर जागा राहिली होती.

ती माझ्यावर ओरडली नाही. गाडी आत घ्यायला लावली, इंजिन बंद करवलं, माझं हेल्मेट स्वतः काढलं. मग माझ्या उजवीकडे उभी राहून बोटं दाखवली, किती? मी सांगितली. मग डावीकडे गेली. मला वाटलं ती निघून गेली. म्हणाली, “आत्या, मी हितंच हाय. तुमाला मी दिसत न्हाई व्हय?”

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेलेली आहे, उजव्याची सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही, थेंब घातले तर राहिलेलं टिकेल. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दोन वर्षं तरी असंच असणार, तुम्हाला कळलं कसं नाही? मला माहीत आहे कसं नाही कळलं. मी डोळ्यांनी चालवतच नव्हते. हॉर्न द्यायचा आणि कानाने चालवायची. हेल्मेटने कान झाकले तेव्हा बाहेर आलं.

आता ऐक. ह्यापुढचं फक्त तुला सांगते आहे. रेश्माने मला काही लिहून दिलं नाही, आणि वडिलांनाही सांगणार नाही म्हणाली, तुमीच सांगा म्हणाली. पण तो फोटो धैर्यशीलने पाहिला आणि त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला. परवा आला, मला मिठी मारली आणि म्हणाला, “आई, चुकलं माझं.” चाव्या टेबलावर ठेवून गेला.

मी त्याला सांगितलं नाही. तो इतका खूश होता. चाव्या आत्ता माझ्यासमोर आहेत. घाट मला पाठ आहे. हळू गेले, मान वळवत गेले तर? डोळ्यांचे थेंब आणायलाही खालीच जावं लागतं. तूच सांग, अकराव्या मजल्यावर मी काय करू?

शीला

*

सांगली, २७ फेब्रुवारी

शीला,

दगडाबाईपाशी आले आणि कागद खाली ठेवला. चंदनाने विचारलं काय झालं, मी काही नाही म्हटलं. दोनशे रुपये. तू. कर्नलची बायको, शाळेत आपल्या हाउसची कॅप्टन. मी एकतीस वर्षं ज्या लोकांना तोंडावर खोटारडे म्हणत आले, त्यांच्यात तुझं नाव घालायला माझा हात उचलत नाही. आणि घालावं लागतंय.

पण तुला फटकारायचा माझा हक्क मी घालवून बसले आहे. धैर्यशीलला नाथाजींनी सांगितलेलं नाही. मी सांगितलं.

तुझं कुत्र्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी त्याला लिहिलं. लिहिलं की तुझी आई खोटं बोलते आहे, घाटात कुणीतरी माणूस होतं, ती कुणाला तरी मारेल. तुला न विचारता लिहिलं, कारण विचारलं असतं तर तू मला पटवून दिलं असतंस, आणि मला पटून घ्यायचं होतं. मग तुझं रडकं पत्र आलं तेव्हा मी तुला समजूत घालणारं उत्तर पाठवलं. मुलाने असं करायला नको होतं, असं लिहिलं. ते लिहिताना मला काही वाटलं नाही, आता वाटतंय. नाथाजींबद्दल वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हाही ‘घाई करू नकोस’ असा शहाणपणा शिकवला.

आता पुढचं. तू चालवायची नाहीस. हळू नाही, मान वळवून नाही, गावातल्या गावात नाही. धैर्यशीलला तू सांग. दहा दिवस देते. नाही सांगितलंस तर मी पुन्हा लिहीन. या वेळी फरक एवढाच की तुला आधी सांगते आहे.

राजमती

*

सांगली, ११ मार्च

शीला,

दहा दिवस परवाच झाले. तुझं पत्र नाही. धैर्यशीलला लिहिलेलं पाकीट तिकीट लावून माझ्या पर्समध्ये आहे. आज दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. गेल्या वेळी चोरून टाकलं तेव्हा एका फेरीत टाकलं, या वेळी सांगून टाकायचं आहे तर जमत नाही. एक ओळ लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

राजमती

*

यवतेश्वर, १६ मार्च

राजमती,

तुझं कबुलीचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. मग राग आला, तो इतका आला की तुला लिहायला बसले की पेन कागदातून आरपार जायचं. सत्तावन्न वर्षांची मैत्रीण पाठीमागे माझ्याच मुलाला लिहिते, आणि पुन्हा मलाच समजावते. आणि वर दहा दिवसांची नोटीस. मनात म्हटलं, ही कोण मला मुदत देणारी?

म्हणून मुदत संपली त्याच दिवशी मी चाव्या घेतल्या. मुद्दाम. खाली उतरून थेंब आणायचे, परत यायचं आणि तुला लिहायचं की बघ, काही झालं नाही. हेच ठरवलं होतं. गाडी सुरू केली, फाटकाशी आणली, सवयीने हॉर्न दिला. कान दिला. कुणाची हाक नाही, काही नाही. क्लच सोडणार, तेवढ्यात डावीकडचं वळून बघत जा हे डॉक्टरांचं सांगणं आठवून मान पार खांद्यापर्यंत वळवली.

डावीकडे, गाडीला टेकेल इतक्या जवळ, नाथाजी उभे होते. हातात पाण्याची कळशी. रस्ता फाटकाशी अरुंद आहे, बाजूला व्हायला त्यांना जागा नव्हती. माझ्याकडे बघत उभे होते, ओठ घट्ट मिटून.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरले. म्हटलं, नाथाजी, हॉर्न दिला होता, ओरडायचंत तरी. ते म्हणाले, “ताई, तुमीच चारचौघांत सांगितलं, एक शब्द बोलायचा न्हाई. हुकूम म्हंजे हुकूम.”

राजू, तो माणूस चेष्टा करत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी बोलू नका म्हटलं म्हणून ते माझ्या चाकाखाली गेले असते, आणि मी हॉर्नला उत्तर आलं नाही म्हणून पुढे गेले असते. कळशी त्यांच्या हातातून घेऊन मी खाली ठेवली आणि तिथेच, रस्त्यात, त्यांची माफी मागितली. कुणी सांगितलं ते मात्र सांगितलं नाही. तुझं नाव मी त्यांच्यापुढे घेतलेलं नाही, ते तू येऊन घे.

मग दगडाबाईकडे गेले. चालत. चढण आहे, पाऊण तास लागला. तिला सगळं सांगितलं, डोळ्याचंही. मला वाटलं ती शिव्या देईल. ती म्हणाली, “मी आदी वरडनार कशी ओ बाई? मान हलवली की भारा पडतोय. हारन ऐकला, पर तुमाला दिसत असंल म्हटलं.” मग गुळाचा चहा दिला. दोनशेची नोट तिने मोडलीच नव्हती, ती माझ्या मुठीत परत दाबली. मी घेतली. न घेणं जास्त वाईट झालं असतं.

रात्री धैर्यशीलला फोन केला. त्याने विचारलं, आई, म्हणजे राजमतीमावशींनी लिहिलं ते खरं होतं? मी म्हटलं, हो, फक्त तिने मला विचारायला हवं होतं. तर तू आता ते पाकीट पर्समधून काढून फाडून टाक. गाडी तो पुढच्या रविवारी नेतोय. पुण्याला मी जात नाही, एवढं त्याने मान्य केलं. दिवसातून तीन एसट्या घाट चढतात, त्यांच्या वेळा मी भिंतीवर लावल्यात. किती दिवस जमेल माहीत नाही.

तो पिवळा बावटा हलवणारा माणूस मला एकदाही दिसला नाही, राजू. रेश्मा म्हणते, तो दोन्ही हातांनी, जिवाच्या आकांताने हलवत होता.

गाडी जायच्या आधी ये. शनिवारी सकाळच्या सांगली-सातारा गाडीने ये, मी स्टँडवर उभी असेन. उतरलीस की वळसा घालून माझ्या उजव्या बाजूने ये. डावीकडून आलीस तर मला दिसणार नाहीस. आणि दिसलीस तरी मी लगेच बोलेन असं समजू नकोस, राग अजून गेलेला नाही.

शीला